न जळलेल्या कोळशाचा हिशेब

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी फौंड्रीत गेलं की एरवी न कळणारी एक गोष्ट कळते. मोल्डिंग मशीन बंद, शॉट ब्लास्टिंग बंद, ग्राइंडर बंद, भट्टी गार. हवा वापरणारं एकही यंत्र चालू नाही. अशा वेळी कॉम्प्रेसर सुरू करायचा, लाइनमध्ये ७ बारचा दाब भरू द्यायचा आणि घड्याळ घेऊन उभं राहायचं. दाब भरला की कॉम्प्रेसर ‘अनलोड’ होतो. मोटर फिरत राहते, पण हवा भरली जात नाही. कुठंच गळती नसेल तर तो पुन्हा ‘लोड’ व्हायचं कारण नाही. कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या एका मध्यम फौंड्रीत तो पुन्हा पुन्हा लोड होत होता. दर दहा मिनिटांतली चार मिनिटं. म्हणजे त्याच्या क्षमतेतली ४० टक्के हवा कुणाच्याही उपयोगी न पडता निघून जात होती, आणि ती भरायला लागणारी वीज रोजच्या बिलात गुपचूप मिसळत होती.

तपासणीला आलेला ऑडिटर तरुण होता. साबणाच्या पाण्याची बाटली घेऊन तो पाइपांच्या जोडांवर फवारत निघाला. बुडबुडे आले की तिथं लाल रिबन. सगळ्यात मोठी गळती एका जुन्या होज पाइपच्या क्लॅम्पपाशी निघाली, साधारण ३ मिलिमीटरच्या भोकाएवढी. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या, म्हणजे बीईईच्या, ऑडिटरांसाठीच्या पुस्तकात याचा तक्ताच आहे: ७ बारला एवढं भोक सुमारे ३ किलोवॉट खातं. कॉम्प्रेसर वर्षाला ६,००० तास चालला तर १८,००० युनिट, दीड लाख रुपयांच्या घरात. देशाच्या वीजजाळ्यात आज एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्या हिशेबानं एका ढिल्या क्लॅम्पमागे वर्षाला साडेबारा टन. नवा क्लॅम्प शंभर रुपयांच्या आत येतो.

‘‘आम्हाला माहीत नाही असं नाही, साहेब,’’ मालक म्हणाले. ‘‘पण गळती काढायची तर लाइन बंद ठेवायला लागते. डिस्पॅच थांबला की गिऱ्हाईक ऐकून घेत नाही. लाइट बिलाचं बघू म्हणतो आणि ते राहून जातं.’’

मला हे उत्तर टाळाटाळीचं वाटलं नाही. ज्या कारखान्यात मालक, खरेदी अधिकारी, गुणवत्ता तपासणारा आणि बँकेत जाणारा हा एकच माणूस असतो, तिथं सगळ्यात आधी डिस्पॅचच सांभाळला जाणार. म्हणूनच दुसऱ्या कुणीतरी येऊन हे काम अंगावर घ्यावं, ही कल्पना जन्माला आली. १९७३च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत तिचा धंदा झाला. ऊर्जा सेवा कंपनी, व्यवहारात ‘एस्को’. ती कारखान्यात येते, कुठं किती ऊर्जा वाया जाते ते मोजते, पदरचे पैसे घालून किंवा कर्ज उभारून यंत्रं बदलते आणि जी बचत होईल तिच्यातून ठरलेली वर्षं आपला वाटा घेते. मालकाला सुरुवातीला दमडी घालावी लागत नाही. वाचलेल्या विजेतूनच सगळ्यांचे पैसे फिटायचे.

कागदावर यात कुणाचंच नुकसान नाही. वाढत्या औद्योगिक देशांत, जिथं पुढची वीस-तीस वर्षं लोखंड, सिमेंट, कापड आणि कागद वाढतच जाणार आहे, तिथं कार्बन कमी करायचा यापेक्षा स्वस्त मार्ग दुसरा नाही, असं गेली तीन दशकं सांगितलं जातं. मलाही ते पटतं. मग कोल्हापूरसारख्या ठिकाणी एस्कोची पाटी का दिसत नाही?

कोल्हापूर परिसरात शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगलेची पंचतारांकित वसाहत आणि शहरातलं जुनं उद्यमनगर मिळून तीनशेच्या आसपास फौंड्र्या आहेत. उसाला पाणी देणाऱ्या ऑइल इंजिनांची दुरुस्ती आणि पुढं निर्मिती, यातून हा उद्योग वाढला. आज ट्रक, ट्रॅक्टर, पंप आणि व्हॉल्व्हचे ओतीव भाग इथून देशभर आणि परदेशातही जातात. अनेक मालक मिस्त्रींच्या घरातले. भट्टीत डोकावून मेटलच्या रंगावरून तापमानाचा अंदाज बांधणारी ही माणसं. धातूचं त्यांचं ज्ञान वादातीत आहे. विजेचं मात्र महिन्याला एकदा कळतं, तेही सगळ्या कारखान्याचं मिळून एका आकड्यात. त्या आकड्यात भट्टीचा वाटा किती, कॉम्प्रेसरचा किती, सँड प्लांटचा किती, हे सांगणारा मीटर फार थोड्या ठिकाणी असतो.

फौंड्रीत सगळ्यात मोठी खादाड म्हणजे इंडक्शन भट्टी. वितळलेलं एक टन लोखंड तयार करायला शास्त्रानं चारशेच्या आत-बाहेर युनिट पुरावीत. नीट चाललेली भट्टी साडेपाचशेच्या आसपास घेते, ढिसाळ चाललेली साडेसहाशेच्या वर जाते. हा शंभर युनिटांचा फरक एस्को काढून देईल, असं आपण धरतो. पण तो फरक नेमका कुठं असतो, हे भट्टीच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

हीट, म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेलं मेटल, तयार आहे. तापमान चौदाशेच्या वर गेलं आहे. लॅडल क्रेनला टांगलेला. आणि खालून निरोप येतो की मोल्ड अजून बंद झालेले नाहीत, एक कोअर तुटला, दहा मिनिटं थांबा. भट्टी बंद करता येत नाही, मेटल गोठेल. पॉवर कमी करून ती धरून ठेवायची. झाकण असतं, पण स्लॅग काढताना ते बाजूला सरकवलेलं असतं आणि परत ओढायला कुणाला आठवत नाही. तोंडातून पांढरट केशरी उजेड छताच्या पत्र्यापर्यंत जातो. तो उजेड म्हणजेच वीज. दहा मिनिटांची वीस मिनिटं होतात. अशा दिवसाला तीन-चार हीट उशिरा गेल्या की महिन्याचा सरासरी आकडा बिघडतो, आणि नवीन पॅनेल, नवीन कॉइल कितीही चांगली बसवली तरी ही वीज वाचत नाही. ती मोल्डिंग आणि मेल्टिंगच्या नियोजनात वाचते. गंज आणि मातीचं स्क्रॅप घेतलं तर माती वितळवायलाही वीज लागते आणि स्लॅग वाढतो. शंभर किलो ओतलेल्या मेटलपैकी रनर-रायझर वजा जाता किती किलो कास्टिंग हाती आलं, हा ‘यील्ड’ सुधारला तर न ओतलेल्या प्रत्येक किलोची वीज वाचली. आणि रिजेक्शन! गिऱ्हाइकाकडून परत आलेल्या प्रत्येक भागाबरोबर त्यात एकदा घातलेली सगळी ऊर्जा परत येते आणि पुन्हा भट्टीत जाते. रिजेक्शन आठ टक्क्यांवरून पाचवर आणणाऱ्या मेथड इंजिनिअरला कुणी ऊर्जा बचतीचं प्रशस्तिपत्रक देत नाही. माझ्या मते पहिलं त्यालाच द्यायला हवं.

गणित मांडून पाहू. महिन्याला ५०० टन मेटल ओतणारी फौंड्री टनामागे ६० युनिट वाचवू शकली, तर महिन्याला ३०,००० युनिट, वर्षाला ३ लाख ६० हजार. आठ रुपये दरानं जवळपास २९ लाख रुपये आणि अडीचशे टन कार्बन डायऑक्साइड. यात न परवडण्यासारखं काही नाही. अडचण त्यापुढची आहे.

एका मालकांनी आपल्या कराराची गोष्ट सांगितली. एका कंपनीनं भट्टीचं पॉवर पॅनेल बदलून दिलं, टनामागे ५० युनिट बचत ठरली, बचतीतला मोठा वाटा कंपनीचा. पहिले काही महिने सुरळीत गेले. मग ऑर्डर बदलल्या. साध्या ग्रे आयर्नच्या जागी एसजी आयर्न आलं, त्याला तापमान जास्त लागतं. भाग लहान झाले, यील्ड घसरला. टनामागची युनिटं करार व्हायच्या आधीपेक्षाही वर गेली. मालक म्हणाले, माझं बिल वाढलंय, वाटा कशाचा देऊ? कंपनी म्हणाली, आमचं पॅनेल नसतं तर याहून वाढलं असतं. दोघंही खरं बोलत होते. करारात ‘आधीचा वापर’ म्हणून एकच आकडा लिहिलेला होता. ग्रेडनुसार, भागाच्या वजनानुसार त्याची फोड नव्हती. शेवटी तडजोडीनं एक रक्कम ठरली आणि करार मोडला. पॅनेल अजून उत्तम चालतं. मालक पुन्हा एस्कोचं नाव काढत नाहीत.

या धंद्याचं मर्म इथं आहे. एस्को जी गोष्ट विकते ती दिसत नाही, तोलता येत नाही. जी वीज वापरलीच गेली नाही, जो कोळसा जळलाच नाही, त्याचे पैसे मागायचे असतात. त्यासाठी ‘एरवी किती लागली असती’ यावर दोघांचं आधीच एकमत हवं. नव्वदच्या दशकात यासाठी आंतरराष्ट्रीय मापन पद्धत तयार झाली. उत्पादन, हवामान, मालाचा प्रकार बदलला तर मूळ आकडा कसा जुळवून घ्यायचा, हे तीत सविस्तर दिलं आहे. मोठ्या सिमेंट कारखान्यात ती पाळली जाते. दोन पानी करारावर चालणाऱ्या छोट्या फौंड्रीपर्यंत ती पोचलेली नाही.

हा प्रश्न चीननं आपल्या आधी हाताळला. १९९८ मध्ये जागतिक बँक आणि जागतिक पर्यावरण निधीच्या मदतीनं बीजिंग, लिआओनिंग आणि शांडोंग इथं तीन ऊर्जा सेवा कंपन्या उभ्या करण्यात आल्या. सुरुवातीला बँका दारात उभं करत नव्हत्या. गहाण ठेवायला यंत्र नाही, जमीन नाही, फक्त भविष्यातली बचत. म्हणून २००३ पासून दुसऱ्या टप्प्यात कर्जहमीची व्यवस्था आली. या धंद्याची संघटना झाली. २००६ साली सुरू झालेल्या पंचवार्षिक योजनेत सरकारनं उत्पन्नाच्या प्रत्येक युआनमागचा ऊर्जावापर पाच वर्षांत २० टक्क्यांनी उतरवायचं ठरवलं आणि सर्वांत मोठ्या एक हजार कारखान्यांना लक्ष्यं नेमून दिली. कारखान्यांना गरज पडली तसं एस्कोंना काम मिळालं. २०१० मध्ये सरकारनं करसवलती दिल्या आणि त्याच वर्षी करार कसा लिहावा याचं राष्ट्रीय मानकच काढलं, नमुना मसुद्यासह. एरवी कुणाच्या लक्षातही न येणारा हा कागद. मला तो चीनच्या सगळ्या कहाणीतला सर्वांत मोलाचा वाटतो. भांडण कुठं होणार हे ओळखून त्यांनी ते आधीच कागदावर सोडवून ठेवलं.

पण याच कहाणीची दुसरी बाजू डोळ्यांआड करता येणार नाही. त्या पाच वर्षांच्या शेवटी, २०१० मध्ये, लक्ष्य गाठायचं म्हणून काही प्रांतांनी कारखान्यांची वीजच तोडली. मग कारखान्यांनी डिझेल जनरेटर लावले. लक्ष्य १९.१ टक्क्यांवर, म्हणजे जवळजवळ गाठलं गेलं. त्याच काळात पोलाद, सिमेंट, वीज सगळं वाढत होतं. २००० साली साडेतीन अब्ज टनांच्या आसपास असलेलं चीनचं कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन २०१५ पर्यंत दहा अब्जांच्या घरात पोचलं. प्रत्येक टन पोलादामागची ऊर्जा उतरत गेली, एकूण धूर तिप्पट झाला. एस्को नसत्या तर तो आणखी वाढला असता, हे खरं. पण ‘आणखी वाढला असता’ या वाक्यात पृथ्वीचं तापमान मोजता येत नाही.

इंग्रज अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्येच हे मांडलं होतं: वाफेचं इंजिन जितकं काटकसरी झालं तितकं ते जास्त ठिकाणी बसलं आणि कोळशाचा खप वाढला. इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याला हे पुस्तकातून शिकायची गरज नाही. वीज वाचली की कापड मीटरमागे स्वस्त पडतं, स्वस्त पडलं की तो आणखी चार माग टाकतो. त्यात त्याचं चुकत नाही. त्याच्या मुलांच्या शाळेची फी त्यातूनच जाते. मात्र धोरण आखणाऱ्यानं ते लक्षात ठेवायला हवं.

आपल्याकडे ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा, बीईई २००२ मध्ये आली. २०१२ ते २०१५ या ‘पॅट’ (परफॉर्म, अचीव्ह, ट्रेड) योजनेच्या पहिल्या फेरीत ४७८ मोठ्या कारखान्यांना लक्ष्यं मिळाली आणि ८६ लाख टनांहून अधिक तेलाएवढी ऊर्जा वाचली, ठरल्यापेक्षा बरीच जास्त. ३ कोटी १० लाख टन कार्बन डायऑक्साइड टळला, असा सरकारी हिशेब आहे. मात्र लक्ष्य ओलांडणाऱ्यांना जी प्रमाणपत्रं मिळाली ती ३८ लाखांवर, आणि ती विकत घेणं भाग असलेल्यांची गरज १४ लाखांच्या आसपास. साहजिकच भाव पडले. लक्ष्यं सोपी होती, असाच याचा अर्थ मी लावतो. आता पॅटकडून आपण कार्बन बाजाराकडे निघालो आहोत. २०२२ मध्ये कायदा दुरुस्त झाला, २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना जाहीर झाली. इथंही लक्ष्यं टनामागच्या उत्सर्जनाची आहेत, एकूण उत्सर्जनाची नाहीत. वाढत्या देशानं आज एवढंच मान्य करावं हे मी समजू शकतो. पण मग एकूण आकडाही दर वर्षी त्याच पानावर छापायला हवा.

सरकारी एस्कोचं आपलं मोठं उदाहरण म्हणजे २००९ मध्ये चार सरकारी वीज कंपन्यांनी मिळून काढलेली ईईएसएल. ‘उजाला’ योजनेत तिनं एलईडी बल्ब घाऊक विकत घेतले आणि खरेदीचा भाव ३१० रुपयांवरून ४० च्या खाली आणला. ३६ कोटींवर बल्ब घरोघर गेले. हे काम खरोखर मोठं आहे. पण बल्ब मोजायला सोपा. तो कुठंही लावला तरी तेवढीच वीज घेतो, त्याला ग्रेड नाही, रिजेक्शन नाही. आणि जिथं पैसे वसूल करायची वेळ आली, रस्त्यावरच्या दिव्यांच्या योजनेत, तिथं अनेक स्थानिक संस्थांकडे बिलं थकली. वीज वाचली होती. वाचलेल्या पैशातून द्यायचं कबूल केलं होतं ते मात्र दिलं गेलं नाही. एस्कोच्या धंद्याला हाच आजार सगळ्या जगात आहे.

पॅटच्या जाळ्यात छोटा कारखाना येत नाही. त्याला लक्ष्य नाही आणि दंडही नाही. त्याच्याकडे येणं एस्कोलाही परवडत नाही: ३० लाखांच्या बचतीसाठीही मोजणी, करार, वकील, बँक यांचा खर्च जवळजवळ तेवढाच, जेवढा ३ कोटींच्या बचतीसाठी. जुलै २०२५ मध्ये केंद्रानं एमएसएमईंसाठी हजार कोटींची ‘अदिती’ योजना आणली. बीईईमार्फत सूक्ष्म आणि लघु उद्योगांना कर्जाच्या व्याजात पाच टक्के, मध्यम उद्योगांना तीन टक्के सवलत. फौंड्री त्यात आहे. योजना चांगली आहे. पण कोल्हापुरात ज्यांच्याशी बोललो त्यांच्यातल्या कुणालाही व्याजाची पहिली काळजी नव्हती. बचत झाली की नाही हे ठरवणार कोण, ही होती.

दरम्यान बाहेरून दुसरं दडपण येतं आहे. युरोपीय संघाचा सीमेवरचा कार्बन कर १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष लागू झाला. त्याच्या यादीत लोखंड-पोलाद, अल्युमिनियम, सिमेंट, खत, हायड्रोजन आणि वीज आहे. गाडीच्या सुट्या भागांवर तो थेट बसत नसला, तरी मोठे खरेदीदार आता पुरवठादारांना किलोमागचा कार्बन विचारू लागले आहेत. ज्याच्याकडे भट्टीचा वेगळा मीटर नाही तो काय सांगणार? लाइट बिलाला टनांनी भागून आलेला आकडा पाठवतो. उद्या कुणी तो तपासायला आलं तर त्याला उत्तर नाही.

आणि एका युनिटमागचा कार्बनही सगळीकडे, सगळ्या वेळी सारखा नसतो. ब्राझीलमध्ये वीज मुख्यतः पाण्यापासून होते. तिथं वाचवलेलं युनिट हवेतून फारसा कार्बन वजा करत नाही. आपल्याकडे दुपारी एकचं युनिट आणि रात्री नऊचं युनिट यांत फरक आहे, कारण दुपारी सौरवीज असते आणि रात्री बहुतेक भार कोळशावर. वर्षानुवर्षं महाराष्ट्रात रात्री दहानंतर वीज सवलतीत मिळे, म्हणून फौंड्र्यांनी हीट रात्रीत ढकलल्या, माणसांची झोप त्याप्रमाणे लावून घेतली. आता सवलत दिवसाच्या सौर तासांकडे सरकते आहे. हीट दुपारी काढली तर एकही युनिट न वाचवता कार्बन कमी होईल आणि फर्नेसवाल्याला रात्री घरी झोपता येईल. एस्कोच्या आजच्या करारात या गोष्टीची नोंद व्हायला जागाच नाही, कारण तिथं फक्त युनिटं मोजली जातात.

मला वाटतं, कोल्हापूरला आणखी एका योजनेपेक्षा एक साधी व्यवस्था जास्त हवी आहे. वीस-पंचवीस फौंड्र्यांनी एकत्र येऊन एकच करार करावा, म्हणजे मोजणीचा खर्च वाटला जाईल. प्रत्येक भट्टीला, कॉम्प्रेसरला आणि सँड प्लांटला स्वतंत्र मीटर असावा आणि करार करायच्या आधी निदान सहा महिने नोंदी ठेवाव्यात, ग्रेडनुसार. मोजणारा मालकाचा नको आणि एस्कोचाही नको. उद्योजकांच्या संघटना, अभियांत्रिकी महाविद्यालयं, पुण्यातली महाऊर्जा ही राज्य सरकारची ऊर्जा संस्था, यांपैकी कुणीही हे पद सांभाळू शकेल; पॉवर ॲनलायझर आणि तो हाताळणारी चार प्रशिक्षित माणसं एवढंच त्याला लागतं. चीनसारखा कराराचा नमुना मराठीत छापलेला हवा, ज्यात ऑर्डर बदलली, ग्रेड बदलला, मंदी आली तर आकडा कसा जुळवायचा हे आधी लिहिलेलं असेल.

याला पैसा फार लागत नाही. व्याज सवलतीच्या हजार कोटींतला छोटासा हिस्सा मोजणीसाठी बाजूला काढला तरी साठ-सत्तर औद्योगिक समूहांत अशी केंद्रं उभी राहतील. बँकेलाही मग कर्ज देताना मालकाचा सात-बारा मागण्यापलीकडे काहीतरी हाती असेल: तिसऱ्यानं सही केलेला, महिन्यामहिन्याचा, भट्टीनिहाय आकडा.

शिरोलीतल्या त्या फौंड्रीच्या मालकांना मी हे विचारलं. ‘‘मीटर बसवू की,’’ ते म्हणाले, ‘‘पण शेजारच्यानंही बसवला पाहिजे. माझाच आकडा उघडा पडला तर गिऱ्हाईक भाव पाडून मागेल.’’ वीस जणांचे मीटर एकाच महिन्यात बसले आणि समूहाची फक्त सरासरी बाहेर गेली, तर चालेल का? त्यांनी थोडा विचार केला, शेजारच्या दोघांची नावं घेतली, आणि त्यांना विचारायला हरकत नाही म्हणाले.